देवाहून उंच पालखी

“देवाची पालखी माझ्या पालखीपेक्षा उंच? खपवून घेणार नाही!” सरदार मुनेताका कडाडला आणि पेरणीचा उत्सव जागच्या जागी थबकला.

जपानमधल्या त्या खोऱ्यात दर वसंतात डोंगरावरच्या देवाला पालखीतून शेताशेतांत फिरवत, भरघोस भात पिकू दे म्हणून साकडं घालत. त्याआधी कोणी दाणाही पेरत नसे. यंदा नवा सरदार स्वतःच्या पालखीत बसून उत्सव बघायला आला होता.

“सरकार, देवाला खांद्याखाली आणलं तर पीक आडवं होतं, असं वाडवडील सांगतात,” म्हातारा पुजारी काकुळतीला आला.

“मग आणू नका खाली! पण माझ्यापेक्षा उंचही नको. नाहीतर सगळे भोई तुरुंगात!”

भोयांमध्ये सर्वांत पुढे ओसुझू नावाच्या गावातल्या पोरीचा बाप होता. तिनं सरदाराच्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं आणि तिला हसूच फुटलं. ती पुढे झाली, वाकली.

“एवढंच ना सरकार? देव खाली येत नाही, तर तुम्ही वर चला!”

सरदार खूश! ओसुझूनं लांबच लांब बांबू आणवले. गावकऱ्यांनी सरदारासकट त्याची पालखी बांबूंच्या टोकांना घट्ट बांधली आणि एका दमात बांबू उभे केले. देव निघाला, मागोमाग सरदारही निघाला. निसरडे बांध, त्यात डोंगरवारा! पालखी कधी इकडे कलली, कधी तिकडे. सरदाराची टोपी उडाली ती थेट चिखलात!

“ए पोरी! उतरव मला!”

“आत्ताच कसं, सरकार? देवाची निम्मी शेतंही झाली नाहीत. तुम्ही खाली आणि देव वर? लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत! देव उंच, मी ठेंगणा! हुकूम रद्द! आई गं... उतरवा!”

जमिनीला पाय लागताच सरदारानं डोळे वटारले. “भरल्या उत्सवात माझी फजिती केलीस?”

ओसुझूच्या बापानं तर डोळेच मिटले.

“छे छे, सरकार!” ओसुझू म्हणाली. “वर चढवून तुमचा मान राखला, खाली उतरवून तुमची मान राखली!”

सरदार स्वतःची मान चाचपत असा खदखदून हसला की भोयांचे खांदेही गदगदा हलले. त्यानं देवाला वाट करून दिली आणि नदीकाठचं सुपीक शेत तिथल्या तिथं ओसुझूच्या नावे करून टाकलं!