पपईच्या देठाची नळी

“पण काका, नळी लांब तर गोळीला वेग जास्त, एवढं तरी खरं ना?”

मंजिरी दारातून विचारतच आत आली. एक चप्पल उंबऱ्याशी, दुसरी तुळशीपाशी.

सुभेदार निवृत्ती साळुंखे तुळशीला पाणी घालत होते. फौजेत बावीस वर्षं त्यांनी नेमबाजी शिकवली होती, आता गावातल्या पोरींना शिकवत होते. तांब्या रिकामा केला, हात जोडले, मगच वळले.

“कोण म्हणालं?”

“सगळेच! क्लबात नवी रायफल आलीये, माझ्या जुनीपेक्षा वीतभर लांब नळीची! उद्या कोल्हापूरला निवड. नवी नेली तर गोळी सुसाट, वाटेत झुकायची बातच नाही! कुठली नेऊ ते आत्ताच कळवायचंय. यंदा नाव नाही लागलं तर माझा वयोगट संपला, काका...”

बोलता बोलता तिला धाप लागली. डोळे मात्र असे चमकत होते, जणू पदक गळ्यात पडलंच.

सुभेदार परसात गेले. पपईची चार पानं खुडली, पाती टाकून पोकळ देठ ठेवले. एक कापला वीतभर, एक हातभर. उरलेले दोन एकात एक खोचून केली लांबलचक नळी. मग घरातून वाळके वाटाणे नि ताम्हण आणून ताम्हण अंगणातल्या जांभळीच्या बेचक्यात उभं केलं.

“अहो, ते पूजेचं! आज संकष्टी, चंद्रोदयाला लागेल मला!” खिडकीतून इंदूकाकू ओरडल्या.

“बाप्पाच्याच कामाला लागलंय.”

“आणि माझे वाटाणे?”

“उपास तुझा. वाटाण्यांचा नाही.”

त्यांनी मंजिरीच्या ओंजळीत वाटाणे ओतले. “फुंक.”

वीतभर नळीतला वाटाणा अर्ध्या वाटेत जमिनीवर आला.

हातभर नळीतला सणसणत गेला. ताम्हणाच्या जरा खाली खोडावर आपटला.

“बघा! लांब तेवढा वेग! मी काय म्हणत होते?” ती अंगणभर नाचली.

“आता तिसरी.”

तिने गाल फुगवले, जीव खाऊन फुंकलं. वाटाणा नळीच्या तोंडाशी आला... आणि तिथेच खाली टपकला.

काकू पदर तोंडाला लावून हसल्या.

“असं कसं?” मंजिरीने नळीत डोळा घालून पाहिलं.

“तुझा दम हातभरातच सरला. पुढे ढकलणारं कोणी नाही, नळी नुसती घासते. मोठ्या काडतुसाचा दम मोठा, त्याला लांब नळी हवी. तुझं काडतूस करंगळीच्या पेराएवढं.”

“म्हणजे माझी जुनी कमी नाही?”

“नाही.”

“आणि झुकणं?”

“दोन्हींची गोळी झुकते. किती, ते कळलं की तेवढं वर धरायचं.”

“आणि जुनीचं मला पाठ आहे!” तिने तिथूनच क्लबाला फोन लावला. “जुनीच! हो हो, माझी जुनीच!”

“झालं?” सुभेदार म्हणाले. “आता ताम्हण वाजव.”

हातभर नळी तिने जराशी वर धरली, फुंकलं. आणि लागला का ते बघायला, चंद्र दिसायच्या आत कोणी संकष्टी सोडावी तशी मान वर! वाटाणा बाजूने गेला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही.

तिचे कान लाल झाले. “देठच वाकडा आहे, काका.”

“आण इकडे.”

टण्ण!

देवळातली घंटा ऐकल्यासारखा काकूंचा हात आपोआप कपाळाशी गेला. सुभेदार हलले नाहीत. ओठ नळीला, डोळा ताम्हणावर... नाद विरेपर्यंत.

“तीच नळी... मग माझा का नाही लागला?”

“तुझा वाटाणा नळीतच होता, मंजे. तू मात्र निघाली होतीस.”

मंजिरीने नळी परत घेतली. वाटाणा घातला. नळी ओठांना लावली. फुंकलं.

टण्ण!

“अगं बाई, लागला! पोरी, लागला की गं!” काकू धावत अंगणात आल्या.

मंजिरी तशीच उभी. मान वर नाही, हसू नाही, पापणीसुद्धा लवली नाही...

सुभेदारांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल. ती अजून नळीत आहे.”