खसखशीहून बारीक पाहुणा

फार मागची गोष्ट. सकाळचे बरोबर सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा एका बाईच्या गर्भपिशवीच्या दाराशी कुणीतरी आलं.

पिशवी बिचारी दर महिन्याला मऊ अस्तर अंथरून वाट बघायची. कुणी यायचं नाही. मग वरच्या अंडाशयबाई संप्रेरकांची रसद थांबवायच्या आणि सगळं अस्तर वाहून जायचं. पुन्हा नवं अंथरायचं, पुन्हा दाराकडे बघत बसायचं.

"मावशी, सहा दिवस चालून आलोय. जागा देता का?" खसखशीहून बारीक गर्भ म्हणाला.

"ये रे बाळा! पण अंगावरचं ते कवच काढ आधी. चपला घालून कुणी अंथरुणावर चढतं का?"

गर्भ लाजला. कवच फोडून बाहेर आला, अस्तराला बिलगला आणि हळूहळू आत रुतला. पिशवीला मात्र धड हसू येईना.

"अरे, वरच्या अंडाशयबाईंना तू आल्याचं ठाऊकच नाही. आठवड्याभरात रसद थांबली, की तूही वाहून जाशील."

गर्भानं शेजारून चाललेल्या रक्ताला हाक मारली, "दादा, वर जाताय ना? तेवढं बाईंना सांगा, मी पोचलोय. आज सांगा, उद्याही सांगा, रोज सांगत राहा."