दोन कलशांमधली राणी

पद्मखेट नगरीत पूर्वी महीधर राजाचा अंमल होता. त्या काळी बोधिसत्त्व देवल नावाने त्याचे दूत होते आणि दूतपणातच म्हातारे झाले होते.

महीधर आणि शेजारचा वज्रबाहू राजा यांच्यात हत्तींच्या जंगलावरून युद्ध जुंपले. भांडण तेवढेच होते. पण महीधराने भीतीपोटी आपल्या व्याह्याला बोलावले. ते ऐकून वज्रबाहू घाबरला आणि त्याने मेहुण्याला हाक दिली. मग व्याह्याचे मित्र आले, मेहुण्याचे मित्र आले. ज्यांनी ते जंगल कधी पाहिले नव्हते तेही शस्त्रे पाजळू लागले. आम्ही केवळ रक्षणासाठी एकत्र आलो, असे प्रत्येक जण म्हणे. माणसे शहाणी कधी होणार, कोण जाणे.

मैत्रीची रीत अशी होती की प्रत्येक राज्याने आपल्या नदीचे पाणी एका कलशात ओतायचे आणि साऱ्यांनी ते प्यायचे. जो प्याला त्याला बाकीच्यांचे वैर आपले मानावे लागे. तो कलश घेऊन राज्ये हिंडता हिंडता देवलांचे पाय थकले होते आणि मनही विटले होते.

शेवटी उरले डोंगरखिंडीतले छोटेसे वेत्रराज्य. खिंड ज्याच्या हाती, विजय त्याचा. तिथल्या राणीला आपल्या बाजूला आणा, नाहीतर तोंड दाखवू नका, असे महीधराने देवलांना बजावले.

राणी मेखलेच्या सभेत वज्रबाहूचा दूत आपला कलश मांडून आधीच बसला होता. राणीने देवलांना विचारले, "आजोबा, कुणाचं पाणी प्यालं तर माझी माणसं जगतील?"

अशा वेळची गोड वाक्ये देवलांना पाठ होती. आज ती त्यांना बोलवेनात.

"कुणाचंच पिऊ नकोस, मुली," ते म्हणाले. "आमचं प्यालीस तर त्यांचं सैन्य खिंडीत येईल, त्यांचं प्यालीस तर आमचं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि ते ओलं तुम्ही. दोघांना सांग, जो खिंडीत आधी शिरेल त्याच्या शत्रूचं पाणी मी पिईन."

वज्रबाहूचा दूतही म्हाताराच होता. त्याने आपला कलश उचलला.

देवलांनी परत येऊन घडले ते स्वतःच सांगितले. महीधराने त्यांना राज्याबाहेर काढले आणि ते परमुलखात एका धर्मशाळेत वारले. युद्ध थांबले नाही. दोन्हीकडची गावे ओस पडली, पण राणीने तसाच निरोप धाडल्यामुळे खिंडीत पाऊल टाकायला कोणी धजले नाही आणि राणीची माणसे जगली.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची राणी म्हणजे आजची उत्पलवर्णा, वज्रबाहूचा दूत म्हणजे आनंद, महीधर म्हणजे देवदत्त, आणि देवल मीच होतो. सभेत मी पाळली ती सत्यपारमिता, सत्य बोलण्याची परिपूर्णता."

बाकीचे राजे कोण, असे एका भिक्षूने विचारले.

"ते अजून जन्म घेताहेत," शास्ते म्हणाले, "आणि अजून मित्र गोळा करताहेत."