राग्नोमार राजाच्या तीन लढाया

फार लांबच्या मुलखातली गोष्ट आहे ही, बरं का. तिकडं हिवाळ्यात नदीचं पाणी दगडासारखं घट्ट होतं, माणसं त्यावरून बैलगाडी हाकत पलीकडं जातात. तिथं राहायचे फ्रँक लोक. आणि त्यांचा एक होता राजा, राग्नोमार नावाचा.

या फ्रँक राजांच्या दोन रीती होत्या. एक म्हणजे राजानं केस कधी कापायचे नाहीत. केस गेले की राजेपण गेलं. दुसरी अशी, की बाप मेला की सगळ्या मुलांनी राज्य वाटून घ्यायचं. राग्नोमारला दोन भाऊ होते, मधला वेर्नो आणि धाकटा लांडो. त्यामुळं बापामागं राज्याचे तीन तुकडे झाले.

राग्नोमारला ते काही सोसेना. बापाचं अख्खं राज्य त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. मग एक दिवस तो अरण्यातल्या झऱ्यावर गेला. तिथं एक म्हातारी राहायची. तिला म्हणाला, "मला सगळं राज्य हवंय."

म्हातारी म्हणाली, "हे पाणी पिऊन लढायला जा. जिंकशील. तीनदा पिता येईल. पण दर वेळी तुझ्यावर माया करणारं घरातलं एक माणूस तुला विसरेल. पुन्हा ओळख सांगितलीस, तरी सकाळ झाली की परत विसरेल."

राग्नोमारला वाटलं, म्हातारं माणूस, काहीतरी बोलतंय. तो ओंजळभर पाणी प्यायला आणि वेर्नोवर चालून गेला. जिंकला. वेर्नोचे केस कापले आणि त्याला मठात धाडून दिलं. मग विजयाचा घोडा दारात उभा करून तो आधी आईकडं गेला, पाया पडायला.

आई सूत काढत बसली होती. तिनं वर पाहिलं आणि घाईनं पदर सावरला. म्हणाली, "या, बसा. आपण कोण म्हणायचे?"

जन्मात कधी आईनं त्याला 'आपण' म्हटलं नव्हतं, बरं का. राग्नोमार बसला. नाव सांगितलं. आई म्हणाली, "छान नाव आहे." दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तेच विचारलं.

आता तरी शहाणं व्हावं की नाही माणसानं? महिनाभर तो गप्प राहिला. पण लांडोच्या राज्याची हद्द त्याच्या खिडकीतून दिसायची. मग तो पुन्हा झऱ्याकडं निघाला. राणी गिसलानं त्याचा हात धरला. म्हणाली, "आता मी आणि आपली लेक आल्दा, तुम्हाला ओळखणाऱ्या दोघीच उरलो. जाऊ नका. आहे ते पुरे की."

तो म्हणाला, "एवढं एकदाच."

तो गेला आणि जिंकला. लांडो मात्र हाती लागला नाही, नदीपलीकडं पळाला. राग्नोमार घरी आला, तर राणी दाराआड उभी राहून दासीला विचारत होती, "हे पाहुणे कोण? त्यांना जेवायला वाढलंत का?"

मग मात्र राजानं शपथ घेतली, की तिसऱ्यांदा पाणी प्यायचं नाही. आणि पाळली हो त्यानं. तीन वर्षं पाळली. लेकीला घेऊन फिरला, घोड्यावर बसायला शिकवलं, तिच्याबरोबर जेवला. नऊ वर्षांची होती आल्दा. त्या घरात त्याला 'बाबा' म्हणणारी ती एकटीच.

पण लांडो काही विसरला नव्हता. तो पलीकडचं परकं सैन्य घेऊन आला. वाटेतली गावं जाळत आला. माणसं लेकरं घेऊन राजाच्या कोटात शिरली. कोटात पाय ठेवायला जागा नाही, बायका रडतायत, आणि राजाचे शिपाई मूठभर. राजाला कळलं, की हे आपणच घरी आणलंय. त्यानं लांडोला निरोप पाठवला, "तुझं राज्य घे, माझंही घे." लांडोनं निरोप नेणाऱ्यालाच मारलं.

आल्दा सगळं पाहत होती. ती म्हणाली, "बाबा, पाणी पिऊन या. या लोकांना मारतील ना ते."

"तू मला विसरशील, बाळ."

"तुम्ही रोज सांगा. मी रोज ऐकेन."

राजा तिच्या केसांवरून हात फिरवत बराच वेळ बसला. मग गेला. लांडो पडला, परकं सैन्य पळालं, माणसं वाचली. सगळ्या कोटात आनंदीआनंद झाला. राजा घरी आला, तर अंगणात आल्दा उभी. तिनं वाकून नमस्कार केला. म्हणाली, "काका, तुमच्या हाताला लागलंय. औषध देऊ?"

पुढं राग्नोमारनं वीस वर्षं राज्य केलं. सगळं राज्य एकट्याचं. पूल बांधले, कायदे लिहवले. लोक त्याला थोर म्हणायचे. आणि रोज सकाळी तो लेकीकडं जायचा, म्हणायचा, "मी तुझा बाप." ती ऐकून घ्यायची. पोरगी गुणी, कधी कंटाळली नाही. पण तिच्या डोळ्यांत ओळख काही यायची नाही. अशी किती वर्षं गेली. मग एका सकाळी तो गेलाच नाही. त्यानंतर कधीच गेला नाही.

मग राजा मेला. गादीला मुलगा नाही, म्हणून वेर्नोला मठात जायच्या आधी झालेल्या तीन मुलांनी राज्याचे पुन्हा तीन तुकडे केले. वर्षसुद्धा लागलं नाही त्याला.

राजाला पुरायच्या वेळी धर्मगुरू म्हणाले, "घरच्या माणसानं पहिली मूठ माती घालायची असते." कुणी पुढं येईना, पुतणेसुद्धा नाहीत. मग आल्दाच पुढं झाली. तिला वाईट वाटलं, की या माणसाचं कुणीच कसं नाही. तिनं मूठभर माती घातली आणि विचारलं, "कोण होते हे?"

धर्मगुरू म्हणाले, "राजे होते."

"हो का," ती म्हणाली, आणि हात पुसले.

आल्दाचं पुढं चांगलं झालं हो. लग्न झालं, मुलंबाळं झाली, सुखात राहिली. आपलं काय गेलं, ते तिला ठाऊकच नव्हतं ना.

झाली गोष्ट. आता कुणी काही विचारू नका. पाय आत घ्या, डोळे मिटा आणि झोपा बघू.