मोतीचा नैवेद्य

रावेरकडच्या एका गावात गिरजाकाकूंच्या दोन गाई होत्या आणि घड उतरवल्यावर बांधावर फेकलेले केळीचे खांब त्यांना फुकट मिळायचे. काकूंनी खांबांची कुट्टी केली, त्यात गूळ, मीठ आणि थोडा कडबा मिसळून पिंपात घट्ट दाबली, आणि मुरल्यावर तो मुरघास गाईंना घातला. गाई खूश झाल्या. नाराज झाले ते डेअरीचे चेअरमन सुपडूअण्णा.

"सडकं खाऊ घालता गाईंना!" ते नाक दाबून म्हणाले. "माझा मोती बैल तर याच्याकडे बघणारसुद्धा नाही. उद्यापासून तुमचं दूध बंद!"

काकूंचं घर त्या दुधावरच चालायचं. तरी त्या शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, उद्या पोळा. मोती ओवाळून घ्यायला दारात येईलच. त्यानं तोंड फिरवलं, तर पिंप मीच उकिरड्यावर ओतते."

"कबूल!"

पोळ्याला झूल, बाशिंग, घुंगरं लेवून मोती आला. कासरा खुद्द अण्णांच्या हाती. काकूंनी ओवाळून दोन ताटं पुढे ठेवली, एकात तुपाची पुरणपोळी आणि दुसऱ्यात मुरघास. मोतीनं पोळी नुसती हुंगली आणि मुरघासात डोळ्यांपर्यंत तोंड खुपसलं. अण्णांनी कासरा ओढला, तर मोतीनं अण्णांनाच ओढलं. फेटा गटारात गेला आणि गाव हसायला लागलं.

"अहो, जनावर ते!" अण्णा ओरडले. "त्याला काय कळतंय?"

"खाणारा तोच ना, अण्णा? म्हणून त्यालाच विचारलं." काकूंनी उरलेलं ताट पुढे केलं. "तुम्हाला कळतं ती पोळी. ती तुम्ही खा."

अण्णांनी पोळी खाल्ली आणि दूधही सुरू ठेवलं. मोती मात्र, म्हणतात, पुढच्या पोळ्यापर्यंत काकूंच्या दारातून हलला नाही.