सोपी ओळ

"यात एक तरी अवघड शब्द उरलाय का, फादर?"

ख्रिस्ती संन्यासी रूपर्टने मठाधिपतींना विचारलं खरं, पण त्याला उत्तर 'नाही' असंच हवं होतं. बायबलमधला नवा करार त्याने आजच्या जर्मन भाषेत आणला होता. पणजोबांच्या काळातलं जडजंबाल जर्मन त्याने शोधून शोधून हाकललं होतं. दूधवालीलाही कळलं पाहिजे, हे त्याचं पालुपद.

बव्हेरियातल्या त्या मठाची रीत अशी, की पुरं झालेलं काम आधी देवाला अर्पण म्हणून वेदीवर ठेवायचं, मग बाहेर पाठवायचं. छापखान्याची गाडी अंगणात येऊन थांबली होती. रूपर्ट हस्तलिखित छातीशी धरून वेदीकडे निघाला, तर मठाधिपती बेनो वाटेतच उभे.

इतक्या वर्षांची मेहनत या एका माणसाच्या होकारावर अडली होती.

"फाटकापाशी कोण बसलंय?" बेनोंनी उलट विचारलं.

"काश्पर... माझा भाऊ."

तो सकाळपासून बसला होता. सवड नाही, असा निरोप रूपर्टने द्वारपालाकरवी धाडला होता. आईच्या आजारपणातही त्याने हाच निरोप धाडला होता. काश्परने एकट्याने तिचं सगळं केलं. ती मात्र शेवटपर्यंत 'रूपर्ट आला का' एवढंच विचारत गेली. दफनाच्या दिवशी काश्पर त्याला नाही नाही ते बोलला, तेव्हापासून दोघांत अबोला. त्या दिवसाची रूपर्टला लाज वाटे, आणि लाज वाटली की तो भाषांतराला बसे.

बेनोंनी त्याच्या हातून हस्तलिखित घेतलं. सावकाश पानं उलटली. एका ओळीवर बोट ठेवून ते त्याच्यापुढे धरलं.

"वाच. मोठ्याने."

रूपर्टने खणखणीत सुरुवात केली. "तू वेदीवर काही अर्पण करायला आलास, आणि तिथे तुला आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविषयी राग आहे..."

त्याने नजर पानावरून उचलली.

"पुढे."

"...तर ते तिथेच ठेव. आधी जा. भावाशी समेट कर."

बाहेर गाडीवाल्याने भोंगा वाजवला. रूपर्टने ओळ पुन्हा पाहिली, मग पुन्हा एकदा. लपायला एकाही शब्दाचा आडोसा नव्हता.

"फादर..." तो खाली बघत म्हणाला, "एवढ्या ओळीपुरते जुने शब्द ठेवले असते, तर... बरं झालं असतं."

बेनो वाटेतून हलले नाहीत.

"का रे? समजली वाटतं?"