गेनूचा खळगा

फार वर्षांपूर्वी गोल्फच्या मैदानालगतच्या रानात गेनू साळिंदर राहायचा. माणसांचं पाहून त्यालाही त्या खेळाचं वेड लागलं. रानातच एक खळगा करून काठीने चेंडू त्यात ढकलण्यापायी तो तहानभूक विसरला.

"अहो, पिल्लं यायची वेळ झाली. बीळ खणायचंय ना?" बायको भागी विनवायची.

"एवढा एकच फटका मारून येतो," गेनू म्हणायचा.

पण चेंडू काही खळग्यात जाईना. "खळगाच लहान आहे," असं म्हणत दर वेळी नेम चुकला की तो खळगा आणखी थोडा खणायचा. महिनाभरात खळगा चांगलाच खोल गेला.

एका सकाळी गेनू खेळायला आला, तर आत भागी दोन पिल्लांना कुशीत घेऊन निजलेली.

"बीळ झकास खणलंत हो," ती म्हणाली.

गेनू ओशाळून हसला आणि पिल्लांखाली अंथरायला मऊ गवत आणायला निघाला.